परीक्षार्थी क्रमांक नऊ

"सुलभा, मी खोटारडी बाई आहे," शुभानं फोनवर सांगितलं.

सकाळचे साडेआठ वाजले होते, ड्राइव्हवेवर फूटभर बर्फ साचला होता आणि माझा चहा अजून गाळायचा होता. मी म्हटलं, "कुणाचा खून-बिन केला नाहीस ना? मग ये दहा मिनिटांनी. आल्याचा चहा टाकलाय."

ती आली ती रडतच. हातात दोन कागद. कोट न काढताच माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि नाक पुसत राहिली. मी कप पुढे ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण रडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारले की ते जास्त रडतं, हे मी आयुष्यभर ऑपरेशन थिएटरच्या दारात पाहिलंय.

शुभा दाबके म्हणजे शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या गाण्याच्या काकू. बत्तीस वर्षं तिनं घराच्या बेसमेंटमध्ये क्लास घेतला. तिच्याकडे शिकलेल्या मुलींच्या मुली आता तिच्याकडे शिकायला येतात. पोटासाठी ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, मी तिथेच भूल देणारी डॉक्टर होते, तिथेच आमची गट्टी जमली. ती सांगलीची, मी नागपूरची. ती बोलते हळू, मी बोलते तोफेसारखी. आणि गाण्यातलं म्हणाल तर मला ओ की ठो कळत नाही. राष्ट्रगीतालासुद्धा मी नुसते ओठ हलवते.

पहिला कागद तिच्या कॉलनीच्या असोसिएशनचा होता. शनिवारी तुमच्या दारात पंधरा-पंधरा गाड्या उभ्या असतात, तक्रारी आल्यात, ऑगस्टनंतर घरात क्लास बंद. हा कागद मला माहीत होता. त्यावर तोडगाही निघाला होता. पुण्याच्या एका परीक्षा मंडळानं परदेशासाठी भागीदारीची योजना काढली होती. स्थानिक संगीत शिक्षण संस्थेनं जागा द्यायची, नावनोंदणी करायची. मंडळानं अभ्यासक्रम, परीक्षक आणि प्रमाणपत्रं द्यायची. आमच्या पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातर्फे खेळ-कलांचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या, संगीत विभागातल्या कॅरलबाईंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी पियानोच्या वर्गाशेजारची मोठी खोली शुभाला देऊनसुद्धा टाकली. चौतीस मुलांचा क्लास वाचला म्हणून आम्ही श्रीखंड-पुरी केली होती!

दुसरा कागद मंडळाचा फॉर्म होता. त्यात एक ओळ होती: केंद्राची शिक्षिका किमान विशारद असावी, प्रमाणपत्राची प्रत जोडावी.

"मग जोड की," मी म्हटलं.

"नाहीये."

"हरवलं?"

"नव्हतंच कधी."

तेव्हा सगळं बाहेर आलं. विशारद म्हणजे गाण्यातली पदवीच समजा. सांगलीत तिनं तिथपर्यंतच्या सगळ्या परीक्षा दिल्या, विशारदचे लेखी पेपरही दिले. आणि गाण्याची परीक्षा ज्या सोमवारी, त्याच्या आदल्या शुक्रवारी नवऱ्याबरोबर विमानात बसावं लागलं. एक्याऐंशी सालची गोष्ट. पुढे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या पत्रिकेत कुणीतरी हौसेनं छापलं, 'सौ. शुभा दाबके, संगीत विशारद.' तिला सांगायचं होतं की अहो, तसं नाही. पण छापणाऱ्याचा उत्साह बघून ती गप्प बसली. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बोलणं अवघड जातं, आणि तिसऱ्यांदा तर होतच नाही.

मी इतकी हसले, इतकी हसले की चहा सांडला. "अरे बाप्पा! शुभे, हे तुझं पाप? यासाठी तू बर्फातून रडत आलीस?"

"हसू नकोस गं. मुलांना काय तोंड दाखवू? क्लास गेला माझा."

"जातो कसा? परीक्षा दे!"

"सहासष्टाव्या वर्षी?"

"मग काय शहात्तराव्या वर्षी देतेस?"

तिथल्या तिथे मी पुण्याला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, मंडळाचे सचिव उशिरानं घरी निघाले होते, पण माझा आवाज ऐकून थांबले. वयाची अट नव्हती. जुने पेपर मात्र धरणार नव्हते, लेखी आणि तोंडी दोन्ही नव्यानं द्यायचं होतं. आमचं केंद्र या वर्षापुरतं हंगामी ठेवतो म्हणाले. जूनमध्ये परीक्षक तिकडे येतील, बाईंनी त्याच सत्रात विशारद पूर्ण केलं तर केंद्र कायम, नाहीतर रद्द. म्हणजे सगळं एका दिवसावर आलं. शुभा पास तर चौतीस मुलांचा क्लास राहणार, नापास तर ऑगस्टमध्ये तंबोरे गुंडाळायचे.

त्या शनिवारी तिनं मुलांना खरं सांगून टाकलं. मला वाटलं, आता पालक नाकं मुरडणार. तर अकरा वर्षांची वैदेही म्हणाली, "Wait, so you have homework too?" आणि सगळा क्लास टाळ्या वाजवायला लागला. त्या दिवसापासून पोरं तिचाच अभ्यास घ्यायला लागली.

लेखी पेपर तिनं एप्रिलमध्ये पार्क डिस्ट्रिक्टच्या खोलीत दिले. पर्यवेक्षक मी. तिनं पाणी मागितलं तेही मी बाटली उलटीसुलटी तपासून दिलं. ओळख ती ओळख, नियम तो नियम! पेपर झकास गेले.

खरी गंमत पुढे आली. शैलेंद्र म्हणून आमच्याकडचा एक सॉफ्टवेअरवाला आहे, आठवडाभर शिकागोला ट्रेननं जातो आणि रविवारी तबला वाजवतो. तो तालमीला शुभाच्या बेसमेंटमध्ये साथीला बसला. शुभानं मुलतानी राग निवडला होता, परीक्षा दुपारी चारची म्हणून दुपारचाच राग. तिनं बंदिशीची पहिली ओळ म्हटली. सुंदर म्हटली म्हणे. मग हात पुढे केला आणि थांबली. शैलेंद्र वाजवतोय, ती थांबलीय. मग दुसरी ओळ. परत थांबली.

"काकू," शैलेंद्र म्हणाला, "कुणाची वाट बघताय?"

"मी? कुठे काय!"

"तुम्ही थांबताय."

"छे! थांबले का मी?"

तिला पत्ताच नव्हता. बत्तीस वर्षं ती एक ओळ म्हणायची, मुलं ती मागून म्हणायची, मग ही पुढची. आता समोर मुलं नव्हती तरी ती मुलांची जागा सोडतच होती. आम्ही काय काय करून पाहिलं! डोळे मिटून गायला लावलं, तरी थांबली. भिंतीकडे तोंड करून बसवलं, तर भिंतीलाच म्हणाली, "हं, आता तुम्ही." मी उलथनं घेऊन मागे उभी राहिले आणि थांबली की टेबलावर आपटायला लागले. त्यानं ती दचकून सूरच विसरायची. शैलेंद्र म्हणाला, "काकू, तुम्ही ते उलथनं ठेवा यार."

गाणं कळत नसलं तरी श्वास मला कळतात. पस्तीस वर्षं मी माणसांचे श्वास ऐकायचाच धंदा केला. शुभा ओळ संपली की श्वास आत घ्यायची आणि तो तसाच धरून ठेवायची. दुसऱ्याचं ऐकताना माणूस धरतो तसा. मी तिला हे सांगितलं. तिनं तंबोरा खाली ठेवला. "सुलभा, मी शेवटचं पूर्ण कधी गायले तेच आठवत नाही गं," म्हणाली. मी उलथनं घेऊन वर गेले आणि उगाचच पोळ्या लाटायला लागले.

जूनचा तो शनिवार उजाडला तेव्हाही ती थांबतच होती.

परीक्षक आल्या ज्ञानदा मॅडम. मला वाटलं होतं, कुणी जाड भिंगाच्या चष्म्याची करारी बाई येईल. ही पोरगी चौतीस वर्षांची, अंगावर कॉटनची साडी आणि पायात स्नीकर्स! कॅरलबाईंनी मोठ्या मानानं त्यांच्यासाठी पियानोचा बाक आणि नोटेशनचा स्टँड मांडून ठेवला होता. गाणारे जमिनीवर बसतात असं कळल्यावर धावत जाऊन योगाच्या वर्गातल्या जांभळ्या मॅट आणल्या. मग कॅरलबाईही हौसेनं जमिनीवर बसल्या, आणि त्यांना उठवायला मला आणि शैलेंद्रला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. तेवढ्या हसण्यानं मुलांची भीती निम्मी झाली.

पहिले आठ परीक्षार्थी शुभाचे विद्यार्थी. एकेक आत जायचा, नमस्कार करायचा, गाऊन यायचा. शिक्षिकेनं आत थांबायचं नाही असा नियम, म्हणून शुभा बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होती. सगळी मुलं छान गाऊन आली. नऊ वर्षांचा ओजस बाहेर येऊन म्हणाला, "काकू, I nailed it," आणि सरळ वेंडिंग मशीनकडे गेला.

मग ज्ञानदा मॅडमनी यादी बघून पुकारलं, "परीक्षार्थी क्रमांक नऊ." आणि शुभा आत आली तेव्हा एकदम ओशाळल्या. "काकू, या ना, बसा," म्हणाल्या.

"काकू नका म्हणू, मॅडम," शुभा म्हणाली. "आज मी नऊ नंबर."

खोलीत उकडत होतं म्हणून दार अर्धं उघडं होतं. बाहेर आम्ही सगळे ओळीनं जमिनीवर बसलो होतो. आठ मुलं, त्यांचे आईबाप, मी, आणि टोकाला शुभाचा नवरा पुरुषोत्तम. हा माणूस इंजिनिअर, दिवसाला वीस शब्द बोलतो, त्यातले दहा हवामानाबद्दल असतात.

आधी प्रश्न झाले. रागांची नावं, ताल हातावर मोजून दाखवा, हे सूर कोणत्या रागाचे. शुभा पटापट उत्तरं देत होती. मग तंबोरा सुरू झाला, शैलेंद्रनं ठेका धरला आणि मुलतानी सुरू झाला. पहिली ओळ आली. आणि ती थांबली.

मी डोळे घट्ट मिटून घेतले. आत ठेका चालूच. दुसरी ओळ आली, परत थांबली. माझ्या तोंडातून, "गा गं बाई, गा," असं निघालं. तिसऱ्यांदा तिनं पहिलीच ओळ घेतली आणि थांबली.

आणि माझ्या शेजारून आठच्या आठ पोरांनी ती ओळ जोरात मागून म्हटली!

सूर चोख, शब्द चोख, समेवर नेमकी. काय करतोय हे त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. काकू थांबल्या की म्हणायचं, इतकंच त्यांना ठाऊक. मी ताडकन उठले. "चूप! गधड्यांनो, चूप!" पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आत ठेका थांबला. स्नीकर्सचा आवाज दाराकडे आला.

मी दारातच त्या पोरीला गाठलं. "हे बघा मॅडम, मुलांनी कॉपी पुरवलेली नाही. आधी ती गायली, मग हे म्हणाले. ही मदत नाही, सवय आहे. आणि तुम्हाला तिला नापासच करायचं असेल तर आधी माझ्याशी बोला!"

ज्ञानदा मॅडमनी ओठ आवळून धरले होते. मला वाटलं रागानं. पण त्यांना हसू आवरत नव्हतं.

"डॉक्टर, तुम्ही बसा बरं," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून त्यांनी वैदेहीला विचारलं, "ही बंदिश शिकवलीय तुम्हाला?"

"No," वैदेही घाबरून म्हणाली. "We just heard it. आत्ताच."

मॅडमनी हातातल्या यादीवर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "शिकवणं कसं आहे ते मला कळलं. पण परीक्षा गाण्याची आहे." त्या शुभाकडे वळल्या. ती बिचारी मॅटवर मान खाली घालून बसली होती. "विशारदला शेवटचा भाग मंचप्रदर्शनाचा असतो. त्याला नियमानं श्रोते लागतात. मी बाहेरून कुणाला बोलवावं याच विचारात होते. या रे सगळे आत!"

आम्ही सगळे आत जाऊन बसलो. मॅडमनी मुलांसमोर ओठांवर बोट ठेवलं. "आता मागून म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं. काकूंना पूर्ण गाताना कुणी ऐकलंय?"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. एकानंही हात वर केला नाही.

शुभाचा चेहरा तेव्हा मी बघत होते. तिला ते लागलं. मुलांकडे ती अशी बघत होती की जणू त्यांना काहीतरी द्यायचं राहूनच गेलं होतं. तिनं तंबोऱ्यावर हात ठेवला आणि परत पहिली ओळ म्हटली. सवयीनं थांबली. ओजसचं तोंड उघडलं, वैदेहीनं झपकन त्यावर हात दाबला. सोळा डोळे शुभाकडे लागलेले. कुणी काही म्हणेना, सगळे पुढचं ऐकायला बसलेले. शुभानं श्वास घेतला, आणि या वेळी तो धरून ठेवला नाही.

ती गात सुटली. मला काय गायली ते सांगता येणार नाही, मी काही जाणकार नाही. पण तिचा आवाज वर चढत गेला तसे तिचे खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली, आणि ती हसायला लागली. गाता गाता हसणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. शैलेंद्र मान हलवत होता, कॅरलबाईही येऊन खुर्चीत दोन्ही हात छातीशी धरून बसल्या होत्या. बावीस मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, सवयच आहे ती. बावीस मिनिटं ती कुणासाठी थांबली नाही.

संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना, शेवटी ज्ञानदा मॅडमनीच वाजवायला सुरुवात केली. मग काय, पोरांनी खोली डोक्यावर घेतली.

मी वळून पुरुषोत्तमकडे बघितलं. तो मांडी घालून बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. "काय हो, काय झालं?" म्हणून मी त्याची नाडीच धरली.

"काही नाही," तो म्हणाला. "मी वर टीव्ही बघत बसायचो आणि खालून हिची ओळ यायची. मग मुलांची. मग हिची. बत्तीस वर्षं तेच. लग्नाआधी बघायला गेलो होतो तेव्हा पूर्ण गायली होती. त्यानंतर आज."

आता निकाल सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. सहा आठवड्यांनी ईमेल आली. शुभा पहिल्या वर्गात पास झाली, आठही मुलं पास झाली, केंद्र कायम झालं. सप्टेंबरपासून पार्क डिस्ट्रिक्टच्या पुस्तिकेत पियानो आणि व्हायोलिनच्या खाली आमचा क्लास छापला गेला, आणि दोन दिवसांत सगळ्या जागा भरल्या. मी स्वतः शुभाच्या नावापुढे विशारद लिहिलंय की नाही ते तीनदा तपासलं.

पण त्या शनिवारी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पास की नापास, देव जाणे. आम्ही तिघं गाडीत बसलो, पुरुषोत्तम ड्राइव्ह करत होता, शुभा पुढे, मी मागच्या सीटवर पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन. कुणी काही बोलत नव्हतं. हे मला सहन होईना, मी पेढ्यांवर बोलणार इतक्यात पुरुषोत्तम म्हणाला, "परत म्हणतेस?"

"आत्ता? इथे?" शुभा म्हणाली.

"मुलं होती मघाशी. मला नीट ऐकू आलं नाही."

हे साफ खोटं होतं, मुलांनी टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता ठेवली होती. मी मागून काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम समजा.

शुभानं खिडकीबाहेर बघत सुरू केलं. ना तंबोरा ना तबला, पुरुषोत्तमच स्टिअरिंगवर बोटानं ठेका धरायला लागला, आणि तोही चुकीचा. ती थांबली नाही. त्यानं घराकडचं वळण सोडून मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. तरी घर आलंच. गराजचं दार वर गेलं, गाडी आत लागली, इंजिन बंद झालं. शुभा अजून गातच होती. पुरुषोत्तमनं दार उघडलं नाही, मीही उघडलं नाही. तिचं संपेपर्यंत आम्ही तिघंही तसेच गाडीत बसून राहिलो.